पीएचवाला सोरेन्सेन
– तृतीय वर्ष, केमिकल

फर्स्ट इयरच्या केमिस्ट्रीच्या व्हायवाला एक प्रश्न ठरलेला असतो. पीएच म्हणजे काय? आपण सगळे डोळे मिटून सांगतो, मायनस लॉग ऑफ हायड्रोजन आयन कॉन्सन्ट्रेशन. सर मान हलवतात, दोन मार्क पडतात आणि विषय संपतो. मीसुद्धा तेच केलं. पण हा लॉग कुणी आणला, का आणला, आणि मुळात तो माणूस कोण, हा प्रश्न मला पडला तो पुस्तकामुळे नाही. आमच्या घरी मेलेल्या चार माशांमुळे पडला.

आमचं घर नेरला, अमरावती-यवतमाळ रस्त्यावरचं नेर. तिथल्या बोअरच्या पाण्याची ओळख करून द्यायची तर आमच्या गिझरची कॉइल दाखवावी लागेल. वर्षभरात तिच्यावर पांढऱ्या क्षारांचा असा थर चढतो की चमच्याने खरवडून काढावा. साबणाला फेस येत नाही, तूरडाळ कुकरमध्ये चार शिट्ट्या जास्त मागते. आमच्याकडे याला नुसतं खारं पाणी म्हणतात, कुणी जड पाणी म्हणतात. (जड पाणी म्हणजे केमिस्ट्रीत भलतंच काही, ते अणुभट्टीत वापरतात. मराठी पुस्तकातला खरा शब्द दुष्फेन. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे हा शब्द मला या लेखासाठी डिक्शनरीत शोधावा लागला. ऐकायला भयंकर आहे, पण बरोबर आहे. फेस होत नाही ते दुष्फेन!) हा दोष पाण्याचा नाही, खालच्या खडकाचा. आपल्याकडचा काळा बेसॉल्ट झिजतो, त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम जमिनीखालच्या पाण्यात उतरतं आणि बायकार्बोनेट बनून तिथेच मुरतं.

तर बारावीच्या सुटीत धाकट्या भावाच्या हट्टाने घरी फिशटँक आला आणि अमरावतीहून सहा निऑन टेट्रा आले. निळ्या-लाल पट्ट्याचे, बोटाच्या पेराएवढे. हे मासे मूळचे अॅमेझॉनच्या खोऱ्यातले. तिथलं पाणी अगदी सौम्य, पालापाचोळ्यामुळे किंचित आम्ल. आमचं पाणी त्याच्या बरोबर उलट. मी कुठेतरी वाचलं होतं की निऑनला पीएच साडेसहाच्या आसपास हवा. कागदी पट्टी बुडवली तर आठच्या वर. मग मी, भावी इंजिनिअर, टँकमध्ये लिंबू पिळलं. पीएच उतरला. सकाळी पाहते तर परत आठ! अजून लिंबू. परत उतरला, परत चढला. तिसऱ्या दिवशी सकाळी सहापैकी चार निऑन पोट वर करून तरंगत होते. भाऊ दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. मी काय चुकले ते मला तेव्हा कळलं नाही. ते कळायला डेन्मार्कच्या एका शेतकऱ्याच्या मुलापर्यंत जावं लागलं.

सोरेन पीटर लॉरिट्झ सोरेन्सेन यांचा जन्म ९ जानेवारी १८६८ रोजी झाला. गावाचं नाव हाव्रेबेर्ग, डेन्मार्कच्या झीलंड बेटावरचं खेडं. वडील शेतकरी. अठराव्या वर्षी मुलगा कोपनहेगन विद्यापीठात दाखल झाला तो डॉक्टर व्हायला. (आपल्याकडच्या अर्ध्या बायोलॉजी ग्रुपसारखंच.) पण तिथे त्याला योर्गेन्सेन नावाचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक भेटले आणि मेडिकल सुटलं ते सुटलंच. विद्यार्थी असतानाच निबंधांसाठी विद्यापीठाचं सुवर्णपदक मिळालं. त्यानंतर अनेक वर्षं त्यांनी पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेत योर्गेन्सेन यांचे सहायक म्हणून काम केलं. शिवाय डेन्मार्कच्या भूगर्भ सर्वेक्षणात मदत केली आणि नौदलाच्या गोदीला सल्ला दिला. १८९९ मध्ये कोबाल्टच्या संयुगांवर डॉक्टरेट मिळवली.

हे योर्गेन्सेन म्हणजे बारावीत आपण वर्नरची थिअरी शिकलो ना, त्या वर्नरचे प्रतिस्पर्धी. कोबाल्टच्या संयुगांची रचना साखळीसारखी असते असं त्यांचं मत होतं. वर्नर जिंकले, १९१३ चं नोबेलही त्यांना मिळालं. योर्गेन्सेन हरले, पण त्यांनी प्रयोगशाळेत बनवलेली संयुगं इतकी स्वच्छ आणि मोजमापं इतकी चोख होती की वर्नरना स्वतःची थिअरी उभारायला त्यांचाच डेटा कामी आला. मला वाटतं सोरेन्सेन अशा गुरूच्या हाताखाली घडले हे त्यांच्या पुढच्या कामात दिसतं. कल्पना कमी-जास्त होईल, पण माप चुकता कामा नये.

१९०१ मध्ये ते कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेच्या रसायन विभागाचे प्रमुख झाले. होय, तीच बिअरवाली कार्ल्सबर्ग! रेक्टर सरांनी कृपया पान उलटू नये, पुढे सगळं केमिस्ट्रीचं आहे. याकोब क्रिस्तियान याकोबसेन या मद्यउत्पादकाने १८४७ मध्ये कोपनहेगनबाहेर कारखाना काढला आणि त्याला मुलाचं, कार्लचं, नाव दिलं. १८७५ मध्ये त्याने कारखान्याला लागून एक प्रयोगशाळा उघडली. बिअर नासते का, आंबते कशी, हे अंदाजाने नको, विज्ञानाने समजावं म्हणून. इथपर्यंत कुठलाही हुशार मालक जाईल. पण याकोबसेनने प्रयोगशाळेच्या नियमांतच लिहून ठेवलं की इथे लागलेला कुठलाही महत्त्वाचा शोध गुप्त ठेवायचा नाही. म्हणजे स्पर्धकांनासुद्धा फुकट! हॅन्सेन यांनी १८८३ मध्ये तिथेच शुद्ध यीस्ट वाढवण्याची पद्धत काढली आणि ते यीस्ट इतर कारखान्यांनाही देण्यात आलं. त्याच वर्षी योहान क्येल्डाल यांनी नायट्रोजन मोजण्याची पद्धत काढली. आपण लॅबमध्ये ज्याला जेल्डाल म्हणतो तेच हे गृहस्थ. दुधातलं-धान्यातलं प्रोटीन आजही त्यांच्या पद्धतीने मोजतात. १९०० मध्ये क्येल्डाल वारले आणि त्यांच्या खुर्चीवर सोरेन्सेन आले. ती जागा त्यांनी १९३८ पर्यंत सांभाळली. सदतीस वर्षं एका प्रयोगशाळेत! आपल्याला एका सेमिस्टरला तेच टेबल मिळालं तर कंटाळा येतो.

आता मुख्य गोष्ट. सोरेन्सेन एन्झाइमवर काम करत होते. साखर फोडणारं इन्व्हर्टेज, हायड्रोजन पेरॉक्साइड फोडणारं कॅटॅलेज, पोटात प्रोटीन पचवणारं पेप्सिन. एन्झाइम किती जोरात काम करतं ते द्रावणाच्या आम्लतेवर ठरतं, हे माहीत होतं. पण आम्लता मोजायची कशी? तेव्हाची पद्धत आपल्या ब्युरेटवाली, टायट्रेशनची. किती अल्कली घातल्यावर रंग बदलला ते पाहा आणि एकूण आम्ल सांगा. गंमत अशी की एकूण आम्ल सारखं असलेल्या दोन द्रावणांत एन्झाइम अगदी वेगळं वागायचं.

याचं कारण उदाहरणाने पाहू. हायड्रोक्लोरिक आम्ल आणि व्हिनेगरमधलं अॅसेटिक आम्ल, दोन्ही ०.१ मोलर घ्या. ब्युरेट दोघांना सारखंच अल्कली मोजून देईल. पण हायड्रोक्लोरिक पूर्ण सुटतं, त्याचे सगळे हायड्रोजन आयन मोकळे. अॅसेटिकचे बहुतेक रेणू हायड्रोजन धरून बसतात. मोकळ्या आयनांचा फरक सुमारे पाऊणशे पट! एन्झाइमला खिशातल्या पैशाशी देणंघेणं आहे, बँकेतल्या ठेवीशी नाही. अऱ्हेनियस यांनी आयनांची कल्पना १८८० च्या दशकात मांडली होती आणि नर्न्स्ट यांचं समीकरणही तयार होतं. म्हणजे मोकळे आयन विजेने मोजता येत होते. पण आकडे यायचे ०.००००००१ असले. ग्राफ काढायचा कसा आणि बोलायचं कसं?

१९०९ मध्ये सोरेन्सेन यांचा मोठा निबंध आला. एन्झाइमवरच्या अभ्यासाचा तो दुसरा भाग होता. त्यात त्यांनी सुचवलं की हा आकडा दहाच्या ऋण घातात लिहा आणि फक्त घातांक वापरा. दहाचा उणे सातवा घात असेल तर नुसतं सात म्हणा. झालं! शुद्ध पाणी सात, त्याखाली आम्ल, त्यावर अल्कली. इतकी साधी गोष्ट, की कुणी आधी का केली नाही असं वाटतं. पण या सोपेपणात एक सापळा आहे आणि मी बरोबर त्यातच अडकले होते. आठवरून सातवर आलो म्हणजे एकाने उतरलो असं वाटतं. खरं म्हणजे हायड्रोजन आयन दहा पट झाले. आठवरून सहावर आणलं तर शंभर पट. माझ्या लिंबाने त्या इवल्या माशांना रात्रीतून केवढा हेलकावा दिला असेल त्याचा हिशेब मी पहिल्यांदा केला तेव्हा वही मिटून ठेवली.

या निबंधातली पीएचची व्याख्या म्हणजे दोन ओळी. बाकी सगळी मेहनत मोजमापाची आहे, आणि मला तीच जास्त आवडली. प्लॅटिनमच्या पत्र्यावर प्लॅटिनमचीच काळी भुकटी चढवायची, त्यावरून शुद्ध हायड्रोजनचे बुडबुडे सोडायचे, कॅलोमेलच्या इलेक्ट्रोडशी जोडून व्होल्टेज वाचायचं. पीएच एकाने बदलला की साधारण २५ अंश तापमानाला ५९ मिलिव्होल्ट बदलतात. पण प्रत्येकाकडे असला सेटअप कुठून येणार? म्हणून त्यांनी दुसरी, स्वस्त वाट तयार केली. पीएच नेमका माहीत असलेली द्रावणं बनवली, फॉस्फेटची, सायट्रेटची, बोरेटची, ग्लायसीनची. त्यांत वेगवेगळे इंडिकेटर टाकून कोणता भरवशाचा आणि कोणता प्रोटीन किंवा मीठ असलं की फसवतो ते तपासलं. मग अनोळखी द्रावणाचा रंग या ओळखीच्या रंगांशी जुळवायचा की झालं. आमच्या टँकमध्ये मी बुडवलेली कागदाची पट्टी आणि डबीवरचा रंगांचा तक्ता हे याच कल्पनेचं नातवंड.

त्या ओळखीच्या द्रावणांना आपण बफर म्हणतो. थोडं आम्ल टाका, थोडं अल्कली टाका, पीएच जागचा फारसा हलत नाही. इथे मला माझ्या माशांचं उत्तर मिळालं. नेरचं बोअरचं पाणी हे स्वतःच एक बफर आहे! त्यात बायकार्बोनेट ठासून भरलंय. मी लिंबू पिळलं की सायट्रिक आम्लाचे हायड्रोजन आयन बायकार्बोनेटने पकडले आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड झाला. तो पाण्यात विरघळलेला असेपर्यंत पीएच खाली. रात्रभर एअरपंपाचे बुडबुडे चालू, त्यांनी तो वायू बाहेर काढला. उरलेल्या बायकार्बोनेटने पीएच परत आठवर नेला. मला वाटायचं पाणी हट्टी आहे. ते केमिस्ट्रीप्रमाणे वागत होतं, हट्टी मीच होते. त्यात नवा टँक, म्हणजे माशांच्या विष्ठेतला अमोनिया खाणारे जिवाणू अजून तयार झालेले नाहीत. पीएच सात असताना त्या अमोनियाचा जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो, आठला सुमारे पाच टक्के. म्हणजे एकीकडे विष आणि दुसरीकडे झोके.

पाण्याची दुष्फेनता (पुन्हा तो शब्द!) आणि पीएच या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण फिशटँकमध्ये त्यांना वेगळं करता येत नाही. सेकंड सेमला आपण ईडीटीएचं टायट्रेशन करतो, लाल द्राक्षाच्या रंगाचा निळा होतो ते. त्यात आधी अमोनियाचं बफर का ओततो? कारण पीएच दहाच्या आसपास राहिला तरच तो रंग नीट बदलतो. म्हणजे कठीणपणा मोजायलासुद्धा पीएच आधी बांधून ठेवावा लागतो. दिवाळीला घरून येताना मी नेरच्या पाण्याची बाटली आणली आणि लॅबमध्ये मोजलं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला मानतात, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. आमचं पाणी २०० च्या चांगलंच पुढे निघालं. लॅब असिस्टंट काका म्हणाले बाटली रिकामी करून ने, सिंकला डाग पडतील. (ते नेहमी असंच बोलतात.)

बरं, पीएचमधला पी म्हणजे काय? आपण पॉवर म्हणतो. जर्मन म्हणतात त्यांच्या भाषेतला पोटेन्झ, फ्रेंच म्हणतात त्यांच्या भाषेतला शब्द, आणि निबंध जर्मन, फ्रेंच, डॅनिश अशा तिन्ही भाषांत आला असल्याने भांडायला भरपूर वाव. २००० मध्ये नॉर्बी नावाच्या डॅनिश शास्त्रज्ञांनी मूळ निबंध बारकाईने वाचून दाखवलं की पीचा अर्थ सोरेन्सेन यांनी कुठे सांगितलेलाच नाही. दोन इलेक्ट्रोडच्या द्रावणांना त्यांनी पी आणि क्यू अशी अक्षरं दिली असावीत आणि त्यातलं एक चिकटलं असावं. म्हणजे आपण एक्स आणि वाय घेतो तसं! मूळ लिखाणात एच हे अक्षर पीच्या पायाशी छोटं असायचं. छपाईला सोपं म्हणून आजचं रूप पुढे रूढ झालं, आणि त्यात अमेरिकेच्या मॅन्सफिल्ड क्लार्क यांच्या १९२० च्या पुस्तकाचा मोठा वाटा होता. तेव्हा मित्रमैत्रिणींनो, व्हायवाला पॉवर म्हणायला हरकत नाही, मार्क मिळतात, पण मनात ठेवा.

सोरेन्सेन यांच्याबद्दल मला सर्वात आदर वाटला तो १९२४ सालच्या कामामुळे. तोपर्यंत पीएच जगभर गेला होता, दवाखान्यात, शेतीत, चामड्याच्या कारखान्यात. दरम्यान द्रावणांची थिअरी पुढे गेली आणि लक्षात आलं की इलेक्ट्रोड आयनांची संख्या मोजतच नाही, त्यांची अॅक्टिव्हिटी मोजतो. गर्दी झाली की आयन एकमेकांना अडवतात, तेवढा फरक. म्हणजे १९०९ ची व्याख्या काटेकोरपणे पाहिली तर चुकीची. दुसरा कुणी असता तर स्वतःच्या नावाची व्याख्या सांभाळत बसला असता. सोरेन्सेन यांनी लिंडरस्ट्रोम-लँग या आपल्या तरुण सहकाऱ्याला बरोबर घेऊन स्वतःच दुरुस्त व्याख्या मांडली. पुढे त्यांच्या खुर्चीवर हेच लिंडरस्ट्रोम-लँग बसले.

उरलेलं आयुष्य प्रोटीनमध्ये गेलं. अंड्यातल्या पांढऱ्या भागातलं अल्ब्युमिन त्यांनी स्फटिकरूपात आणून त्याचा ऑस्मॉटिक दाब मोजला. अमिनो आम्लं मोजायची फॉर्मालिनची पद्धत तर त्यांनी १९०७ मध्येच काढली होती. पत्नी मार्गरेथे हॉयरूप सोरेन्सेन याही प्रयोगशाळेत त्यांच्यासोबत काम करत. त्यांचं नाव आपल्या पुस्तकात कुठेच नाही. नोबेल त्यांना मिळालं नाही. पीएचचं पेटंटही घेतलं नाही, याकोबसेनच्या प्रयोगशाळेत तसा प्रश्नच नव्हता. १२ फेब्रुवारी १९३९ रोजी कोपनहेगनजवळच्या शार्लोटेनलुंड इथे ते वारले, वय ७१.

त्यांच्या हयातीतच एक गंमत घडली होती. कॅलिफोर्नियात लिंबाच्या रसाची आम्लता मोजायची होती. त्या रसात सल्फर डायऑक्साइड घातलेला असायचा, त्यामुळे रंगाची पट्टी आणि हायड्रोजनचा इलेक्ट्रोड दोन्ही फसायचे. मोजणारा माणूस आपल्या जुन्या वर्गमित्राकडे गेला. तो वर्गमित्र म्हणजे अर्नॉल्ड बेकमन. १९३४ मध्ये त्यांनी काचेचा इलेक्ट्रोड आणि रेडिओतल्यासारख्या व्हॅक्यूम ट्यूब एका पेटीत बसवल्या आणि आजच्या पीएच मीटरचा आजोबा तयार झाला. तो लिंबासाठी बनला हे वाचून मी एकटीच हसले. आज आमच्या भागातल्या शेतकऱ्याला मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत पीएचचा रकाना असतो, आणि काळ्या कापसाच्या जमिनीत तो बहुतेक सातच्या वरच असतो. बाबांच्या कार्डवर मी तो आकडा पाहिला तेव्हा त्यांना म्हटलं की आठ म्हणजे सातपेक्षा दहा पट. ते म्हणाले, कपाशी त्यातच होते.

बाबा म्हणाले ते मला टँकसाठी उपयोगी पडलं. पाणी बदलायच्या ऐवजी मासा बदलला. निऑनच ठेवायचे असते तर आरओचं किंवा पावसाचं साठवलेलं पाणी बोअरच्या पाण्यात थोडं थोडं मिसळून आधी बायकार्बोनेट कमी करावं लागलं असतं, पीएच मग आपोआप उतरतो. देशी बदामाची वाळकी पानं टाकूनही थोडा उतरतो, पण बायकार्बोनेट जास्त असेल तर त्यांचं काही चालत नाही. रोजचं एवढं कोण करणार? गप्पी आणि मॉली यांना कठीण, अल्कली पाणी मानवतं. डासांच्या अळ्या खायला आरोग्य खात्याचे लोक डबक्यात सोडतात तेच गप्पी. भावाने ते आणले, नेरच्या बोअरचं पाणी एक दिवस उघडं ठेवून त्यात सोडले. पहिल्या महिन्यातच पिल्लं झाली, आता शेजारच्या दोन घरांत आमचे गप्पी आहेत. वाचलेल्या दोन निऑनपैकी एक अजून आहे, कसा ते मला सांगता येणार नाही. सुटीत गेले की मी पट्टी बुडवते, आठच्या वर येतो. टँकच्या खोलीत लिंबू न्यायला मला अजून बंदी आहे.